आठ फुटी फळी आणि थर्माकोलची भावकी

सांगलीला समुद्र नाही. ही माहिती मला भूगोलाच्या पुस्तकानं एकदा दिली आणि आमच्या गल्लीनं गेल्या सात महिन्यांत दोनशे वेळा दिली. दूधवाला, इस्त्रीवाला, मीटर रीडिंगवाला, अडतीवरचे हमाल, प्रत्येकानं एकदा तरी थांबून, अंगणातल्या त्या आठ फुटी वस्तूकडं बघून, मग माझ्याकडं बघून विचारलंय, "पण सांगलीत समुद्र कुठाय ओ?" जसं काय मी इतकी वर्षं विश्रामबागच्या पुढं कुठंतरी बीच आहे असंच समजून चाललो होतो.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलो होतो, तिथं एक पोरगा बीचवर सर्फबोर्ड भाड्यानं देत होता. पोराच्या हट्टापायी एक तास घेतला आणि पोरगं पाच मिनिटांत कंटाळून वाळूचा किल्ला करायला गेलं. उरलेला वेळ मी. त्यातला बहुतेक वेळ मी पाण्याखाली होतो, पण एकदा, एकदाच, लाट पाठीमागनं आली, फळी उचलली गेली, आणि मी उभा. इंजिन नाही, पेट्रोल नाही, नुसतं आपलं जातंय. मी हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे, चौदा वर्षं खुर्चीत बसून पाठीचा आकार खुर्चीसारखा झालाय, असल्या माणसाला असलं काही दाखवू नये. मी त्या पोराला नव्या बोर्डाची किंमत विचारली. चाळीस हजार म्हणाला. आणि मी ते दोन शब्द बोललो ज्यांनी सांगलीतले कित्येक संसार खड्ड्यात घातलेत: त्यात काय. घरीच करू की, त्यात काय, थर्माकोलवर फायबर मारलं की झालं. (आकाशकंदील मी दरवर्षी घरीच करतो. तो दरवर्षी पेटतो, पण तो वेगळा विषय.)

मग रात्री जागून वाचन सुरू. हवाईचे लोक कोआच्या लाकडाची फळी तासून लाटेवर जायचे, तिला खाली फिन (माशाच्या परासारखं पातं) वगैरे काही नव्हतं. १९३५ साली टॉम ब्लेक नावाच्या माणसानं स्पीडबोटीचा कणा काढून फळीखाली लावला तेव्हा कुठं ती वळवल्यावर वळायला लागली, आणि तीन सारख्या फिनांचा बोर्ड सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन माणसानं १९८० च्या सुमाराला काढला. म्हणजे टॉमभाऊ पण भंगारातनंच करत होते, हे वाचून मला फार धीर आला. दुसरी गंमत म्हणजे सर्फबोर्ड लिटरवर मोजतात, म्हणजे त्याचं आकारमान. माझं वजन ८२ किलो, त्यात नवशिका, म्हणजे ६५ लिटरच्या आसपास पाहिजे. हिशोब करून माप काढलं, ८ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, सव्वातीन इंच जाड. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "पासष्ट लिटर? अहो, मग सरळ गच्चीवरची जुनी टाकीच आडवी करून बसा की."

थर्माकोल आणायला मार्केटात गेलो. आता २०१८ पासून आपल्याकडं डेकोरेशनच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळं दुकानात जाऊन "आठ फूट थर्माकोल आहे का" म्हणलं की दुकानदार आधी माझ्या खांद्यावरनं मागं बघायचा आणि मग गुटखा मागितल्यासारखं हळूच "कशाला पाहिजे?" विचारायचा. सर्फबोर्डला, म्हणलं की तो गप. शेवटी तासगावकडं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडं भिंतीत घालायचा घट्ट थर्माकोल उरलेला मिळाला. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, चार इंची स्लॅब. आठ फुटांसाठी लांबीत तीन, मधे लाकडी पट्टी येणार म्हणून डावे-उजवे दोन, आणि पुढचं टोक वर उचललेलं पाहिजे म्हणून एकावर एक दोन. म्हणजे बारा तुकडे. ते मी पांढऱ्या सुतारी गमनं चिकटवले, वर वरवंटा आणि पाटा ठेवला, आणि आठ दिवसांनी उचलून बघतो तर मधला गम जसाच्या तसा ओला, दुधाची साय जशी. थर्माकोलातनं हवाच जात नाही तर गम वाळणार कसा. हे पहिलीच्या पोराला कळेल असं माझा भाचा म्हणाला. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो, त्यामुळं त्याला सगळं कळतं, फक्त नंतर.

मग पाण्याच्या ओलीवर फुगणारा पीयूचा गोंद आणला आणि पुढं कापणी. शेगडीची कॉइल ओढून सरळ केली, पाइपच्या धनुष्याला ताणून बांधली आणि बॅटरी चार्जर जोडला. तार तापली की थर्माकोल लोण्यासारखा कापला जातो. दोन्ही बाजूला प्लायचे साचे ठोकायचे, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाचा, दोघांनी सारख्या स्पीडनं साच्यावरनं तार ओढत न्यायची. ऐकायला सोपं. पण तार मधे जरा मागं राहते, दोन्ही टोकं पुढं गेली तरी पोट मागं, आणि आपण घाई केली की फळीच्या मधोमध पोट राहतं. घाई कोणी केली यावर आमच्यात अजून वाद आहे. बोर्डाला पोट आलं हे खरं. आई म्हणाली, "तुझ्यावर गेलाय."

आता मुख्य कथा. कुपवाड एमआयडीसीत माझा एक दोस्त फायबरच्या टाक्या करतो. त्याला फोन केला, फळीला फायबर मारायचंय. त्यानं फायबरचं कापड, त्यावर ओतायचं पाच लिटर रेझिन, ते घट्ट करणारा हार्डनर, सगळं दिलं, वर पैसे घेतले नाहीत. फळी म्हणल्यावर तो समजला लाकडाची. मी थर्माकोल म्हणालो नाही, त्यानं विचारलं नाही, इतका साधा हा घोटाळा. एप्रिलमधला रविवार, गच्चीवर सगळं घर जमलेलं, मी हातात मोजे घालून पहिलं भांडं ओतलं आणि पत्तीनं पसरलं. दोन सेकंद काही नाही. मग एक बारीक आवाज, चर्रर्र, गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर येतो ना तसा, आणि जिथं रेझिन तिथं थर्माकोल खाली बसायला लागला. आधी वाटीएवढा खड्डा, मग ताटाएवढा. मी घाबरून रेझिन दुसरीकडं पसरलं म्हणजे तिथला खड्डा बुजेल, तर तिथंही तेच. पाच मिनिटांत मधली प्लायची पट्टी तेवढी उभी राहिली, दोन्ही बाजूला चिकट पांढरा लगदा, सुरमई खाऊन झाल्यावर ताटात काटा राहतो तसा. पोरगं टाळ्या वाजवत होतं. त्याला वाटलं प्रयोग होता.

दोस्ताला फोन केला तर तो आधी पोटभर हसला. मग त्यानं समजावलं की बाबा, ते पॉलिस्टर रेझिन, त्यात पातळ करायला स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलीस्टायरीन. एकाच घराण्यातले. मला एकदम पटलं. भावकीच ती, समोर आली की एकमेकाला खाणारच, यात रसायनशास्त्र कशाला पाहिजे, आमच्या आजोळच्या जमिनीची केस बघा. थर्माकोलला चालतं ते इपॉक्सी रेझिन, ते वेगळं, ते महाग आणि ते कुरियरनं येतं.

परत बारा तुकडे, परत गोंद, परत तार. दुसऱ्यांदा पोट कमी आलं.

इपॉक्सीचं माप काटेकोर असतं, माझ्या डब्यावर शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम हार्डनर लिहिलं होतं. मोजण्यात माझा हात कोण धरणार, आयुष्य गेलंय वजनकाट्यासमोर. बायकोचा किचनचा काटा घेतला (तिला हे आत्ता हा लेख वाचून कळेल) आणि शहाणपणा करून सगळं एकदमच कालवलं, एका मोठ्या आइस्क्रीमच्या डब्यात, सव्वा किलो. सारखं सारखं कोण कालवत बसणार. मे महिना, गच्चीवर चाळीस डिग्री. मी फायबरचं कापड सरळ करेपर्यंत डबा हाताला गरम लागायला लागला, मग चटका, मग डब्याच्या तोंडातनं धूर, आणि मग डबा स्वतःच कंबरेत वाकला, दमलेला माणूस बसतो तसा हळूहळू. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं, एका जागी ढीग ठेवला की ती उष्णता तिथंच साठते, जितकं गरम तितकं अजून लवकर घट्ट, आणि जितकं लवकर घट्ट तितकं अजून गरम. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. खाली शेजारचे आप्पा ओरडत होते, "दिवाणजी, धूर कसला ओ?" आणि मी वरनं, "काय नाही आप्पा, पापड भाजतोय."

हे मी खोटं बोललो खरं, पण चार दिवसांनी पापडच भाजले. यावेळी थोडं थोडं कालवलं, सकाळी सातला, गारव्यात, कापड अगदी सुरेख बसलं, काचेसारखं. चहा प्यायला खाली गेलो. नऊ वाजता वर येऊन बघतो तर अख्ख्या बोर्डावर फोड. थर्माकोलात हवा असते, ऊन चढलं की ती फुगते आणि ओल्या रेझिनमधनं वर यायला बघते. म्हणून हे काम संध्याकाळी करायचं, दिवस उतरताना, म्हणजे हवा आत ओढली जाते आणि रेझिनही जरा आत मुरतं. ही गोष्ट मला पुस्तकी भाषेत तीन ठिकाणी वाचायला मिळाली होती आणि तिन्ही ठिकाणी मी ती "आपल्याला काय करायचंय" म्हणून सोडली होती. फोड ब्लेडनं कापले, भरले, घासले.

वरच्या कोटला रंग द्यायचा होता. पिगमेंट आणायला परत कुरियर, परत आठ दिवस, आणि मी बसतो कुठं? हळदीच्या अडतीत. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळालाय, हरिपूरची जमिनीतली पेवं एकेकाळी हळदीनं भरलेली असायची, २००५ च्या पुरानं त्यांची वाट लावली तरी बाजार अजून आमचाच. म्हणलं आपला बोर्ड पिवळाधमक पाहिजे, सांगलीचा म्हणून लांबनं ओळखू आला पाहिजे. राजापुरी हळद, वस्त्रगाळ केलेली, दोन चमचे रेझिनमध्ये टाकली. काय रंग आला म्हणता! देवाला वाहावा असा. मग त्यात हार्डनर टाकला आणि ढवळलं.

पिवळ्याचा नारिंगी झाला. मी ढवळतच होतो. नारिंगीचा विटकरी झाला. मी अजून जोरात ढवळलं, म्हणजे परत पिवळा होईल. विटकरीचा लाल झाला, आणि एव्हाना डबा कोमट लागायला लागला होता, म्हणजे आता ओतण्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर परत धूर आणि परत आप्पा. ओतलं. पसरलं. आई तुळशीला पाणी घालून वर आली, बघून म्हणाली, "कुंकू कशाला केलंस रे एवढं?"

हळदीला चुना लावला, सोडा लावला, साबण लावला, कसलाही खार लागला की ती लाल होते. घरोघरी कुंकू असंच करायचे. हळद सांडलेलं पातळ साबणानं धुताना आईनं आयुष्यभर हे बघितलंय. इपॉक्सीचा हार्डनर पण त्याच खारट जातीचा. चौदा वर्षं मी हळदीची पोती मोजतोय, भाव लावतोय, व्यापाऱ्यांना हळदीवर लेक्चर देतोय, आणि हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं तर सगळ्यात जुना हमाल शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "आता हळद झाली, कुंकू झालं. फळीचं लगीन कधी?"

जून लागला. आता नुसतं घासायचं राहिलं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. पण दमट हवेत इपॉक्सीवर एक तेलकट थर येतो, हाताला मेणचट लागतो, तो पाण्यानं धुतल्याशिवाय वरचा कोट धरतच नाही. माझा धरला नाही, सोलपटं निघाली. धुतलं, परत मारलं. मग ऐंशीचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग वॉटर पेपर दोनशेवीस, तीनशेवीस, चारशे. रोज दुकानातनं आलं की घास. फायबरची भुकटी कॉलरमधनं आत शिरली की जी खाज सुटते तिला उपमा नाही. खाजकुयली बरी, तिला निदान पानं असतात, दिसते तरी. माझे कपडे बायको वेगळे धुवायची, मग काठीनं उचलून वेगळे धुवायची, मग म्हणाली तुम्हीच धुवा.

याच दिवसांत गल्लीचा बोर्डाकडं बघायचा दृष्टिकोन बदलला. आम्ही गावभागात राहतो. पावसाळा आला की गावभागातला माणूस सकाळी उठून देवाच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पाणीपातळी बघतो. पूल १९२९ चा, त्याच्यावर फुटांच्या खुणा, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं पाणी आम्ही अंगावर घेतलंय. शेजारच्या आप्पांना तेव्हा गॅलरीतनं होडीत उतरवलं होतं, त्या होडीत त्यांना काठावर जागा मिळाली आणि तो अपमान ते विसरलेले नाहीत. जुलैत कोयनेतनं विसर्ग वाढला, ग्रुपवर "आयर्विन ३३ फूट" आलं, आणि संध्याकाळी आप्पा माझ्याकडं. फळीभोवती एक चक्कर मारली, अंगठ्यानं दाबून बघितली.

"किती माणसं बसत्यात?"

"आप्पा, ही बसायची नाही, उभं राहायची आहे. एकट्यानं."

"उभं ऱ्हाऊन चार मावतील की. मधी पोट हाय तितं मी. माझं नाव पयलं घाला."

कुठं घालू, यादी कुठाय, असं मी म्हणलं आणि तीच चूक. दुसऱ्या दिवशी यादी तयार. अकरा नावं, त्यात एक गरोदर सून आणि एक शेळी. पासष्ट लिटर म्हणजे जेमतेम पासष्ट किलो उचलते, मीच वर चढलो तर कंबर पाण्यात, हे मी सांगून बघितलं. आप्पा म्हणाले, पुरात कुणी लिटर मोजत नाही. नशिबानं पाणी सदतीसवरनं उतरलं आणि यादी आप्पांच्या खिशात राहिली.

फिना तीन केल्या, घरातल्या मोडक्या कॅरम बोर्डाच्या प्लायच्या. मधल्या फिनवर राणीचं लाल वर्तुळ अर्धं आलंय, ते मी मुद्दाम ठेवलं. शेवटच्या चकाकीसाठी मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. तिथं एक वयस्कर काका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर चपड्याचं पॉलिश चढवत बसले होते, कापडाची पुरचुंडी, गोल गोल हात, बोलणं नाही. मी माझी अडचण सांगितली. ते म्हणाले डोळ्यानं बघू नका, डोळे मिटून हात फिरवा, जिथं हात अडतो तिथं घासा. घरी येऊन डोळे मिटून हात फिरवला तर सगळीकडंच अडला, पण सल्ला खरा होता. पुढं गणपतीच्या दर्शनाला सांगलीला आले तेव्हा काका मुद्दाम घरी येऊन गेले. फळी बघून हसले नाहीत, पहिलाच माणूस. मधल्या बोटानं टकटक करत पुढच्या टोकापासनं शेपटीपर्यंत गेले, कान लावून, टक टक टक टक, आणि मागच्या फिनजवळ एकदम आवाज बदलला. डब. डब. डब. खिशातनं पेन्सिल काढून त्यांनी तिथं रुपयाएवढं वर्तुळ केलं.

"इथं कापड सुटलंय आतनं. इथनं बोलणार नाही ही."

मला काही तिला बोलायला लावायचं नव्हतं. इतक्यानं काय होतंय, म्हणलं, आणि वर अजून एक कोट मारून टाकला. पेन्सिलीचं वर्तुळ कोटाखाली गेलं, आजही दिसतं.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला तसं भाच्याची ओम्नी, वर कॅरियरला सुतळी आणि जुन्या साड्यांनी बांधलेली फळी, आणि आम्ही आंबा घाटातनं रत्नागिरीला. नाक्यावर हवालदारानं थांबवलं. लाल, लांबुळकी, साडीत गुंडाळलेली वस्तू बघून त्यानं टोपी जरा मागं सारली. सर्फबोर्ड आहे, घरी केलाय, सांगलीचे आहोत. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "पण सांगलीत समुद्र..." भाचा म्हणाला, "म्हणून तर इकडं आणलाय साहेब," तेव्हा सोडलं.

समुद्राचं थोडक्यात सांगतो. वर पाय घसरू नये म्हणून मेणबत्त्या घासल्या होत्या, त्या पुरल्या. फळी तरंगली. मी झोपलो तरी तरंगली. पहिल्या सोळा लाटा आम्हा दोघांवरनं गेल्या, सतराव्या लाटेला मी उभा राहिलो आणि पोरानं काठावरनं मोठ्यानं मोजलं: एक, दोन, तीन, चार. पाच त्याला म्हणता आलं नाही. पण चार म्हणजे चार, आणि भाड्याच्या फळीवरचे नव्हेत. नंतर नंतर फळी जड लागायला लागली, मला वाटलं मी दमलोय. गाडीवर चढवताना तिघं लागलो तेव्हा कळलं की दमलेली तीच आहे, तांब्या-दोन तांबे नव्हे, बादलीभर समुद्र पिऊन आलीय, अगदी त्याच पेन्सिलीच्या वर्तुळातनं.

घरी येऊन ती अंगणात भिंतीला तिरकी उभी केली, शेपूट खाली. वर्तुळाखालनं थेंब. टप. टप. आईनं खाली भगुलं ठेवलं, खारं पाणी तुळशीकडं जायला नको म्हणून. रात्रभर टप टप. दुसऱ्या दिवशी भगुलं भरलं, रिकामं करून परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा फाटकातनं आत आले, फळीपुढं उभे राहिले, चार-पाच थेंब नीट पडताना बघितले. मग खिशातनं चार घड्या घातलेली यादी काढली, माझ्याच शर्टाचं पेन घेतलं, स्वतःचं नाव खोडलं, आणि जरा थांबून शेळीचंही खोडलं.